आम्हीचं आपण

डाव्या हाताचं बोट हळूहळू वर जायचं आणि कानाच्या पातळीला येऊन थांबायचं. उजव्या हातात ट्रान्झिस्टर, डोळे मिटलेले, पुढ्यात डबा उघडा, पोळीवर माशी. आणि मग एकदम मोठ्यानं, "आलं! आम्हीचं आपण झालं!"

कॅन्टीनमध्ये नवीन आलेलं माणूस दचकायचंच. मीही दचकले होते. हातातला ताकाचा ग्लास लवंडला, साडीवर सगळं सांडलं. शेजारी आमच्या सेक्शनच्या हिराबाई शांतपणे भाकरी मोडत होत्या. त्या पेठ तालुक्याकडच्या, सगळ्यांत जुन्या. म्हणाल्या, "घाबरू नको गं. रोजचंच हाय त्यांचं. लढाई आयकतात."

आखातात युद्ध पेटलं होतं, तो हिवाळा. जो तो क्षेपणास्त्रांच्या गप्पा मारत होता, पेट्रोल मिळेल की नाही याची काळजी करत होता. हे गृहस्थ मात्र फक्त भाषणं ऐकायचे. कुठला पुढारी कुठल्या देशाकडे मदत मागतोय, आणि कशी मागतोय, एवढ्यातच त्यांना रस. बॉम्ब कुठे पडला हे त्यांना विचारलं तर म्हणायचे, "ते पेपरात येईल."

आता हे कोण, ते सांगते. नाव मात्र सांगणार नाही. तेवढी माया अजून शिल्लक आहे, किंवा तेवढा राग आहे म्हणा हवं तर.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमची पंपाच्या मोटारी बनवणारी कंपनी होती. हे तिथे टाइम ऑफिसला क्लार्क, आणि मी वाइंडिंगला. वाइंडिंग म्हणजे तांब्याची तार साच्यावर गुंडाळून मोटारीची कॉइल करायची. ठरलेले वेढे पडलेच पाहिजेत. वेढ्यांना आम्ही टर्न म्हणायचो. टर्न चुकले तर मोटार जळते. सेक्शनला सगळ्या बायकाच. बायका मन लावून मोजतात म्हणून, असं साहेब लोक सांगायचे. खरं कारण काय ते तुम्हालाही कळतं.

सकाळी कार्ड पंच करायला रांग लागायची, तेव्हा खिडकीत हे बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. देवळाली कॅम्पहून लुनावर यायचे आणि एवढं अंतर कापूनही शर्टावर एक सुरकुती नसायची. एखादीला मिनिटभर उशीर झाला की घड्याळाकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "घड्याळ आमचं, उशीर आपला. जा आत." कार्डावर लाल शेरा पडायचा नाही. आम्ही सगळ्या त्यांना काका म्हणायचो. ते आम्हाला, अगदी काल लागलेल्या पोरीलाही, ताई म्हणायचे.

काका आधी फौजेत होते. पण बंदूकवाले नव्हेत. डोंगरावरच्या कुठल्याशा खोलीत बसून परदेशी रेडिओ ऐकायचा आणि ऐकलेलं कागदावर उतरवायचं, हे त्यांचं काम. "मी एकही गोळी झाडली नाही," असं ते स्वतःच सांगायचे. "पण लढाई मी जितकी ऐकली, तितकी झाडणाऱ्यानंही ऐकली नसेल."

त्या आम्हीचं आपण होण्याचा अर्थ मी त्यांना एकदा विचारलाच. साडीवर ताक सांडलं होतं, तेवढा हक्क होता माझा.

"इंग्रजीत एकच शब्द, वी," ते म्हणाले. "हिंदीत एकच, हम."

"हिंदीत अपन आहे की."

"तो पानटपरीवर. भाषणाला उभं राहून कुणी अपन म्हणतं का? आपल्याकडे बघा, चोख दोन आहेत. आम्ही म्हणजे तुम्हाला वगळून. आपण म्हणजे तुम्हाला धरून. मी भाषण उतरवताना समासात मराठीत खूण करायचो. तिथल्या वीचा अर्थ आम्ही असेल तर 'म्ही', आपण असेल तर 'पण'. वरचे साहेब विचारायचे, ये क्या है? मी सांगायचो, कुछ नहीं साब, आदत है."

मग ते रंगात आले. युद्धात सापडलेला पुढारी परक्यांच्या संसदेत उभा राहतो, तेव्हा सुरुवातीला सगळं आम्ही असतं, म्हणाले. आमची गावं जळाली, आमची मुलं तळघरात झोपतात. ऐकणारा हळहळतो, पण खुर्चीतून उठत नाही. मग हा पुढारी त्यांच्या घरात शिरतो. तुमच्या शहरावरही असेच बॉम्ब पडले होते, तुमच्या आजोबांनीही असाच हिवाळा काढला होता. त्यांचे आजोबा त्यांना आठवले, डोळे जरा ओले झाले, की हळूच एका वाक्यात आम्हीचं आपण होतं. आपण हे आज थांबवलं नाही तर! "झालं, ताई. आता लढाई ऐकणाऱ्याची झाली."

"आणि पुढे?"

"पुढे लहानसं काहीतरी मागायचं. मोठं मागितलं की माणूस विचार करायला लागतो. आणि रडायचं नाही. रडणाऱ्याला लोक रुमाल देतात, तोफा देत नाहीत."

"म्हणजे सगळं खोटंच की हो, काका."

त्यांना ते लागलं. डब्याचं झाकण लावता लावता थांबले. "खोटं कशाला? खरंच असतं. खरं असल्याशिवाय चालत नाही."

आणखी एक वाक्य ते सारखं म्हणायचे. "बोलतोय कुणाशी, ते आधी बघा. समोर बसलेला माणूस दर वेळी ऐकणारा नसतो. पुढारी उभा असतो आपल्या सैनिकांपुढे, पण भाषण चाललेलं असतं सातासमुद्रापलीकडच्या माणसासाठी." हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. युद्ध, संसद, सातासमुद्रापलीकडची माणसं, आमचा त्यांच्याशी काय संबंध? आमचा संबंध तांब्याच्या तारेशी आणि पाथर्डी फाट्यावरच्या बसशी.

पण हळूहळू आमच्या सगळ्यांच्या जिभेवर ते आलं. कुठल्या सणाला कुणा साहेबाचं भाषण झालं की बायका एकमेकींकडे बघून बोट वर करायच्या. महापालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार गेटवर आला. तो बोलत होता आणि गर्दीत काकांचं बोट सवयीनं वर गेलं. उमेदवाराला वाटलं, यांना काही विचारायचंय. "बोला काका, बोला!" सगळे वळून बघायला लागले. काका ओशाळून म्हणाले, "नाही नाही, तुमचं चालू द्या. आपण अजून यायचं आहे." त्या बिचाऱ्याला काही कळलं नाही. आम्ही आठवडाभर हसत होतो.

हिराबाईंचे व्याही दिवाळीला लेकीला माहेरी पाठवत नव्हते. काकांनी त्यांना चार वाक्यं पढवली. आधी त्यांच्या घराचं कौतुक करा, मग त्यांच्या लेकी माहेरी येतात तेव्हाची आठवण काढा, मग आपण म्हणा, आणि मागायचे फक्त दोन दिवस. हिराबाई गेल्या, बोलल्या आणि जिंकून आल्या. लेक आली. आणि लेकीबरोबर व्याहीही आले, आठ दिवस राहिले. दिवाळीनंतर हिराबाई खिडकीशी जाऊन म्हणाल्या, "काका, आपण लय झालं हो. जरा कमी ठेवायचं होतं." काका इतके हसले की त्यांच्या हातून कार्डांचा गठ्ठा पडला.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. मी काकांना वडिलांच्या जागी मानत होते. हे स्पष्ट सांगून ठेवते, म्हणजे पुढचं तुम्हाला नीट कळेल.

काही वर्षांनी आमची कंपनी एका परदेशी कंपनीनं घेतली. पाठोपाठ बातमी आली, आपोआप तार गुंडाळणारी यंत्रं येणार आणि वाइंडिंग सेक्शन बंद होणार. आमच्यातल्या बहुतेकींचं घर त्या कॉइलवर चाललेलं. माझ्या नवऱ्याची रिक्षा होती. ती कधी चालायची, कधी त्यालाच ढकलायला लावायची. घरात ठरलेला पगार तेवढा माझा. दुसरीकडे कुठे जायचं? कॉइल गुंडाळण्यापलीकडे आम्हाला काय येत होतं?

यंत्रं बसवायच्या आधी तिकडून चार माणसं पाहणीला येणार होती. त्यांत एक बाई होती. तिकडे म्हणे कामगारांनी निवडून दिलेलं माणूसही मालकांच्या टेबलावर बसतं, ती त्या जागेवर होती. तरुणपणी तिनंही मशीनवर काम केलं होतं. काकांनी हे ऐकलं आणि दुपारी मला खिडकीशी बोलावलं. डोळे चमकत होते. "ताई, तुमची परदेशी मदत आली. तुम्ही बोलायचं."

स्वागताच्या कार्यक्रमात एका कामगाराला दोन शब्द बोलू देणार होते. मी आमच्या कॉलनीत चौदा एप्रिलला दर वर्षी बोलायचे, म्हणून बायकांनी मला पुढे केलं. मी मराठीत बोलणार, काका इंग्रजीत सांगणार, असं ठरलं. पंधरा दिवस जेवणाच्या सुटीत टाइम ऑफिसच्या मागच्या बाकावर माझी शिकवणी चालली. कॉलनीत बोलता तसं ओरडायचं नाही. हात हलवायचे नाहीत. "आधी त्या बाईंच्या मशीनची आठवण काढा. तुमच्या बोटांनाही तारेनं चिरा पडल्या असतील ना, असं विचारा." आणि आपण कुठल्या वाक्यात आणायचं, ते त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा म्हणवून घेतलं.

माझ्या भाषणात मी एक गोष्ट घातली होती. मोठी ऑर्डर होती, सुटीच्या दिवशी आम्हाला बोलावलं होतं आणि वीज गेली. स्टोअरमधून हातानं फिरवायची जुनी मशीनं काढली, तर त्यांचे काटे गंजलेले, टर्न मोजायची सोय नाही. मग प्रत्येकीनं तोंडानं मोजायला सुरुवात केली आणि एकीच्या आकड्यात दुसरीचा आकडा मिसळून नुसता गोंधळ झाला. शेवटी हिराबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, एकटी मी मोजते, तुम्ही माझ्या मोजण्यावर हात फिरवा. दिवसभर त्या एकट्या मोजत होत्या आणि सगळ्यांचे हात एका लयीत फिरत होते. एकही कॉइल वाया गेली नाही. पुढे चार दिवस हिराबाईंचा आवाज बसला होता. त्या दिवशी आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. टाइम ऑफिससुद्धा बंद होतं.

ही गोष्ट मी सांगितली तेव्हा काकांनी डोळे मिटले. बोट वर गेलं नाही. मग म्हणाले, "ही काढून टाका."

"का? सगळ्यात चांगली तीच आहे."

"म्हणूनच. पहिल्याच भाषणात सगळा दारूगोळा उडवायचा नसतो. राखून ठेवा. पुढे लागेल."

मी ठेवली राखून. त्यांनी सांगितलं म्हणजे ठेवली.

भाषण झालं. खोटं कशाला बोलू, फार चांगलं झालं. मी लहानसंच मागितलं. सेक्शन बंद करण्याआधी एकदा परत या आणि आमच्या शेजारी एक पाळी बसा, मग काय ते ठरवा. काका माझ्या बाजूला उभे राहून वाक्या-वाक्याला इंग्रजीत सांगत होते. त्या बाईंनी पुढे येऊन माझा हात उलटा करून बोटं बघितली आणि परत येईन म्हणून सांगितलं. तोवर सेक्शनला हात लागणार नव्हता. त्या दिवशी बायकांनी कॅन्टीनमध्ये काकांना पेढे भरवले. त्यांचा तो पांढरा शर्ट पहिल्यांदा खराब झालेला मी पाहिला.

पुढच्या उन्हाळ्यात कारगिल सुरू झालं. काकांचा ट्रान्झिस्टर पुन्हा कॅन्टीनला आला. "लढाई डोंगरावर चाललीय, पण कान सगळे परदेशात आहेत," ते म्हणायचे. "आम्ही ताबारेषा ओलांडली नाही, हे जगाला परत परत ऐकवतायत. शाबास! बोलतायत आपल्याशी, पण ऐकवतायत त्यांना." मला आठवतं, त्या दिवसांत ते जेवणाला उशिरा यायचे. विचारलं तर म्हणायचे, मोठ्या साहेबांकडे जरा काम होतं. त्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ मिळाल्याचं तेव्हाच बोर्डावर लागलं. आम्हाला आनंदच झाला.

आणि त्या बाई परत आल्या. पाळीभर बसणार होत्या, पाच मिनिटं बसल्या. त्यांना जागा करून दिली, फोटो निघाला आणि लगेच सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. एका बाजूला पाहुण्यांच्या खुर्च्या, समोर आम्ही जमिनीवर सतरंजीवर. काका त्या बाईंच्या शेजारी बसले होते, कानाशी लागून इंग्रजीत सांगायला. मोठे साहेब बोलायला उठले. हे साहेब दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या कंपनीतून आलेले. एरवी हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचे. त्या दिवशी त्यांनी खिशातून कागद काढला आणि स्वच्छ मराठीत वाचायला लागले.

आधी आमच्या बोटांचं कौतुक झालं. मग साहेबांचं आम्ही. आम्ही या कंपनीसाठी बाहेरच्या बाजारात कसे झगडतोय, आम्हाला झोप कशी लागत नाही. मग सीमेवरचे जवान आले. आणि मग साहेब म्हणाले, "त्या सुटीच्या दिवशी वीज गेली होती. हिराबाईंनी एकटीनं मोजलं, आणि त्यांच्या आवाजावर आपण सगळ्यांनी हात फिरवले."

आपण! साहेब तेव्हा या गावातही नव्हते. ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती, त्या बाकावर. राखून ठेवलेला दारूगोळा आमच्यावरच उडाला होता.

हिराबाई पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या. कुणीतरी आपलं नाव घेतलं, आपली आठवण ठेवली, एवढंच त्यांना कळत होतं. आजूबाजूला सगळ्या रडत होत्या. आणि ते रडणं पाहुण्यांच्या खुर्च्यांना अगदी समोरून दिसत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब आमच्याशी बोलतच नव्हते. भाषण चाललं होतं त्या बाईंसाठी. आम्ही नुसते पुढे बसवलेले सैनिक.

साहेबांनी शेवटी लहानसंच मागितलं. फक्त एका कागदावर सही. "आपण मोठ्या मनानं स्वेच्छेनं निवृत्त व्हावं." त्या वाक्यातलं आपण म्हणजे फक्त तुम्ही. मघाशी आम्हीचं आपण, आणि आता आपणचं तुम्ही. एवढी सफाई एकाच माणसाला जमते.

मी काकांकडे बघितलं. त्यांची मान खाली होती, ओठ हलत होते. आणि माझं बोट, माझ्याही नकळत, वर गेलं होतं. वर्षानुवर्षांची सवय.

"वा! ताईंचा हात वर आला," साहेब म्हणाले. "पहिली सही ताईंची!"

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. आवाज कापत नव्हता, तो काकांनीच कमावून घेतला होता. मी विचारलं, "साहेब, त्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

टाळ्या थांबल्या. साहेब कागदात बघायला लागले. त्या परदेशी बाई काकांकडे वाकल्या. ही काय म्हणाली, असं विचारत असणार. मला वाटलं, आता. आता तरी हा माणूस खरं सांगेल. एक वाक्य फक्त. काका त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाले, अगदी थोडं. आणि त्या बाई हसल्या. त्यांचे डोळे भरून आले, त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी मला मिठी मारली.

माझ्या प्रश्नावर कुणी मिठी मारत नाही हो. त्या बाईंच्या खांद्यावरून मला काका दिसत होते. ते चष्मा पुसत होते.

पुढचं काय सांगू? रांग लागली. हिराबाईंनी अंगठा दिला. मी आठ दिवस अडून बसले, पण सगळ्या निघून गेल्यावर रिकाम्या सेक्शनमध्ये एकटी कुणाशी भांडणार? मीही सही केली. शेवटच्या दिवशी खिडकीतून कार्ड परत केलं. ते "ताई" म्हणाले. मी वर बघितलं नाही. फसवलं होतं मला. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. यांनी मला शिकवलं होतं, आणि मी शिकलेल्यातूनच त्यांना पकडलं होतं. हे सांगायचं कुणाला?

आम्हाला एकच काम येत होतं, तेच मी केलं. सिडकोत लहानसा गाळा घेतला आणि जळालेले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायला लागले. बाई मोटार बांधते म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग कामं घेऊन यायला लागले. दोन-तीन वर्षांत बरं चाललं. मी टर्न अजून तोंडानं मोजते.

आणि एके सकाळी ते दारात उभे. शर्ट पांढराच, पण अंगात ढगळ झालेला. हातात पिशवी, पिशवीत तो ट्रान्झिस्टर. घरी विजेवर लावला होता, आतला ट्रान्सफॉर्मर जळाला, म्हणाले. या मापाचा आता बाजारात मिळत नाही.

"ताई, आपला रेडिओ जरा बघता का?"

"आपला नाही," मी म्हटलं. "तुमचा."

मी स्टूल पुढे केलं नाही, पण ते बसले. मी रेडिओचं मागचं झाकण उघडलं. जळक्या तारेचा वास आला. तो वास आला की मला बोलता येतं.

"मुदतवाढीसाठी केलंत ना?"

"मुदतवाढ मागाहून दिली. आधी साहेबांनी विचारलं, तुम्हाला भाषण लिहिता येतं का." ते माझ्याकडे न बघता रेडिओकडे बघत होते. "ताई, तीस-पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची भाषणं ऐकली. तू एक लिही, असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं."

"माझं लिहिलंत की."

"तुमचं तुमचंच होतं. मी फक्त दुरुस्त केलं. साहेबांचं ते एकच माझं."

सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच संताप आला. आमच्या इतक्या जणींच्या चुली कशापायी विझल्या? या माणसाला एकदा बोट स्वतःच्या वाक्यावर वर गेलेलं बघायचं होतं म्हणून! आणि ते गेलंही. माझंच गेलं.

"एक सांगा," मी म्हटलं. "मी विचारलं होतं, त्या दिवशी तुम्ही कुठं होता. त्या बाईंना तुम्ही काय सांगितलंत?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला. "सांगितलं, ताई म्हणतात, वी वेअर ऑल देअर. त्या दिवशी सगळे होतो."

"होतो म्हणजे? आम्ही होतो, की आपण होतो?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"इंग्रजीत एकच आहे, ताई."

मी त्यांना गुरुवारी या म्हटलं. ते उठले, दारापर्यंत गेले, पायरीवर जरा थांबले. मग उतरून गेले.

ट्रान्सफॉर्मर मी बुधवारीच बांधला. केसासारखी बारीक तार, हजारांच्या घरात टर्न. एकही चुकवला नाही. गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाही. महिन्याभरानं कॅम्पातलं एक गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं, त्याच्याकडून कळलं की ते गेले. झोपेतच गेले म्हणे. रेडिओ न्यायला कुणी आलं नाही.

त्या वर्षी आखातात पुन्हा युद्ध पेटलं. मी पहिल्यांदाच तो रेडिओ सुरू केला. खरखर झाली आणि एक आवाज लागला. कुठला तरी पुढारी परक्यांपुढे उभा राहून इंग्रजीत बोलत होता, मागे टाळ्या पडत होत्या. मला फारसं कळत नव्हतं. एकच शब्द सारखा ओळखू येत होता. वी. परत वी. माझं बोट वर जायला लागलं आणि अर्ध्यातच थांबलं. यातलं आम्ही कुठलं आणि आपण कुठलं, ते इंग्रजीत ओळखायचं कसं, एवढं मात्र मेल्यानं मला कधी शिकवलंच नाही.